फुली

आईने शेवटची ओळ टाइप केली, चष्मा नीट बसवला आणि स्क्रीनवरच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. पत्र नाहीसं झालं.

"अगं आई, हे काय केलंस?" मागे चहाचे कप घेऊन उभा असलेला मुलगा ओरडलाच.

"काय केलं? रोजच्यासारखं लिहून झालं, बंद केलं. खोलीतून जाताना दिवा नाही का घालवत आपण?"

तो मटकन खुर्चीत बसला. पत्रं लिहायचा हा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. दीड वर्षापूर्वी ताई भांडून घरातून निघून गेली, फोन उचलेना. आणि आईला मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. म्हणून ही मोठ्या अक्षरांची चौकट, खाली एकच ठसठशीत बटण: 'पाठवा'. ते दाबलं की पत्र थेट ताईच्या मेलवर. आणि कुणी फुली दाबली तर? याचा विचारच या शहाण्याने केला नव्हता. ऑफिसात नव्या लोकांना तो कानीकपाळी ओरडून सांगायचा, की चौकट मिटण्याआधी प्रोग्रॅमला सूचना मिळते, तिथे माणसाला थांबवा, विचारा. घरी मात्र स्वतःच माती खाल्ली होती.

दीड वर्ष रोज दुपारी एक पत्र. रोज संध्याकाळी आई विचारायची, "आलं का रे काही?" आणि तो मनातल्या मनात ताईच्या नावाने बोटं मोडायचा.

"आई, तुझं एकही पत्र तिला पोचलं नाहीये. चूक माझी आहे. ताईला काही माहीतच नाही गं!" त्याला रडूही येत होतं आणि आनंदही आवरत नव्हता.

आई चष्मा काढून पुसत बसली.

अर्ध्या तासात त्याने दुरुस्ती केली. "हं, आता लिही बघू दोन ओळी."

'बाळा, जेवलीस का?' एवढंच लिहून आईने फुली दाबली. या वेळी चौकट मिटली नाही. तिच्यावर एक छोटी चौकट आली: 'पत्र पाठवायचं का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

आईने बाण सावकाश 'नाही'वर नेला आणि दाबला.

"अगं, चुकून 'नाही' दाबलंस!"

"चुकून नाही रे. ते 'पाठवा' मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. डोळे अधू झालेत, अक्कल नव्हे."

"मग?"

"पाठवलं आणि तरीही ती बोलली नाही, तर रोज दुपारी मी काय करू?"

कपातला चहा कधीच निवला होता.

"तिसरं काही नसतं का रे यात?" आईने विचारलं.

त्याने तिसरं बटण घातलं: 'राहू दे'. ते दाबलं की पत्र जात नव्हतं आणि पुसलंही जात नव्हतं. आईने पुन्हा 'बाळा, जेवलीस का?' लिहिलं, तेच बटण दाबलं आणि उठली.

संध्याकाळी ती दाराशी आली.

"आलं का रे काही?"

तो खुर्ची ओढून बसला.

"थांब हं, बघतो," म्हणाला, आणि त्याने खरंच मेल उघडून बघितला.