नेसणीची खूण

“लुगडं नेहमी जसं नेसता तसंच नेसा. घट्ट,” उत्तरा सिस्टर म्हणाली.

“परवा कापताना सोडायचंच हाय की ते,” चांगुणाबाई हसली. तरी नेसली. सिस्टरने तिला बसवलं, वाकवलं, डोक्यावर फुलांची पाटी घेतल्यासारखं करायला लावलं. पोटाला वळी कुठे पडते, नेसणीची गाठ कुठे येते, ते बोटांनी चाचपलं.

सायखेड्याची चांगुणाबाई तीस वर्षं नाशकात देवाची फुलं विकत होती. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ती त्याला ओळखायची. दवाखान्यातली माणसंही तिने तशीच जोखली होती. गेल्या सोमवारी डॉक्टर खेकसले होते, “दोन वर्षं मूळव्याध समजून गप्प बसलात?” मग बोटाने तपासणी झाली, नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ जाऊन एमआरआय झाला. फिल्म उजेडावर धरल्यापासून तेच डॉक्टर ‘मावशी’ म्हणायला लागले. काल वॉर्डातल्या आयाने न मागता बसायला उशी दिली. माणसं उगाच गोड होत नसतात, हा चांगुणाबाईचा बाजारातला अनुभव.

“गाठ ओटीपोटाच्या अगदी तळाशी आहे, शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूला लागून,” सिस्टर सांगत होती. “स्नायू वाचला तर प्रश्नच नाही. नाही वाचला तर शौचाची वाट पोटावर काढतात. तिथे पिशवी. कायमची. ते उघडल्यावरच कळेल.”

“मग खूण आत्ताच?”

“नुसती तयारी हो. पिशवी नेसणीखाली आली तर रोज काचेल.”

सिस्टरने नाभीच्या डाव्या अंगाला काळ्या पेनाने गोल काढला. वाळू दिला. पुन्हा गिरवला. चांगुणाबाई ते दुसरं गिरवणं बघत राहिली.

“पिशवीवाल्या बाईच्या हातची फुलं देवाला चालत्यात का वो?”

“देवाला काय होतंय, मावशी?”

“देवाचं नाय इचारलं. घेणाऱ्यांचं इचारलं.”

सिस्टर पेनाचं टोपण शोधू लागली. ते तिच्याच हातात होतं.

तेवढ्यात सून रूपाली आत आली. तिला अजून मूळव्याधच सांगितलेली.

“काय केलं वो आत्याबाई?”

“माप घेतलं.” चांगुणाबाईने पदर पोटावर ओढला. उशाचा निशिगंधाचा हार उचलला. वॉर्डाच्या दाराशी गणपतीची तसबीर होती. दाखल झाल्यापासून रोज सकाळी तीच हार घालायची. दुसऱ्या कुणाला फुलांना हात लावू देत नसे.

हार तिने जरा वेळ हातात तोलला आणि रूपालीपुढे धरला.

“आजपासून तू घाल.”