मागचा आवाज

सुरभीने फाइल पुन्हा लावली आणि हेडफोन कानाशी दाबून धरला. हातोदच्या मंदिरातलं कीर्तन. बाबांचा आवाज कसा लख्ख! खोकला नाही, पंख्याची घरघर नाही. आणि मागे उभी राहून धृपद उचलणारी आईही नाही.

फोनवर यतीन होता, तिच्याच ऑफिसातला.

"तुझ्या प्रोग्रामचा कोड तर वापस आला बघ, कालचा जसाच्या तसा. सेटिंगपण ठीक केली. आता कायको रोती है?"

"रेकॉर्डिंगं कोडबरोबर ठेवलीच नव्हती रे."

"म्हणजे ओरिजिनलवरच चालवलंस? टेस्टला अलग फोल्डर नाही दिला?"

"बाबांच्या कीर्तनांचाच दिला होता. रोजचं काम त्यांना लगेच ऐकवता यावं म्हणून. नंतर बदलायचा राहिला."

"हद्द केलीस यार," यतीन म्हणाला.

आईच्या वर्षश्राद्धाला लावायची म्हणून तिने ही कीर्तनं साफ करायला घेतली होती. 'फक्त मुख्य आवाज ठेवा' ही सेटिंगही तिचीच. प्रोग्रामने आज्ञा शिरोधार्य मानली, एकेका कीर्तनातून आईला पुसलं आणि जुन्याच्याच जागी नवं ठेवून दिलं. कीर्तनकार चरणाशेवटी थांबतो तो मागे साथ करणाऱ्याच्या भरवशावर. आईने, अंबिकाबाईंनी, तो भरवसा जन्मभर सांभाळला; त्यांचा आवाज वेगळा असा भरून ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर सकाळपासून डिस्क चाळत होतं. हाती आलेले तुकडे वाजतच नव्हते.

बाबा, दिनानाथ, आत आले.

"सुरू, झालं का गं? लाव की जरा."

तिने यतीनचा फोन बंद केला. हेडफोनची वायर काढली आणि फाइल लावली.

बाबा खुर्चीत टेकले. डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरला. चरण संपला. आई उचलायची तिथे नुसती कोरडी जागा आली. बोटं हवेतच राहिली. पुढच्या चरणालाही तेच.

"बाबा, माझ्याकडून..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. डोळे मिटलेलेच. आणखी एक चरण संपला, कोरडी जागा आली, आणि या वेळी बोटं थांबली नाहीत. मांडीवर सावकाश चालत राहिली.

"सुरू," ते हळूच म्हणाले, "माझा आवाज जरा कमी कर. तिचा दबतोय."