कळीचा चुना

गुणाबाईनं शिदोरीचं गाठोडं सीमेच्या दगडावर ठेवलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि झाडांच्या दिशेनं हाळी दिली.

"अवो, भात आनला!"

मुखरू रोज समोरच्या खोपटातून यायचा. आज तो नाल्याच्या अंगानं आला. हात ओले होते, आणि ते धोतराला पुसत पुसतच तो दगडापासून चार पावलांवर येऊन थांबला. शेळी व्याली का, पोरीचा ताप उतरला का, हे रोजचे प्रश्न आज नव्हते. गाठोड्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"चुना आनला?"

"परवा तं आनला व्हता."

"सरला तो. उद्या मोठा खडा आनजो. कळीचा."

"येवढा चुना कायले लागते?"

"लागते," मुखरू म्हणाला. "तू जाय आता. ऊन वाढून राह्यलं."

बायको उन्हात करपेल याची काळजी या माणसाला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होती. गुणाबाई वळली, पण चुना काही तिच्या डोक्यातून जाईना.

दगडाच्या पलीकडं ऐनाची झाडं होती आणि त्यांवर रेशमाच्या कोशाचे किडे पानं खात होते. आपण इथं त्यांना किडे म्हणतो. गावात कुणी म्हटलं असतं तर थोबाड फुटलं असतं. आरमोरीपासून कोसभर आत असलेल्या त्या धिवरांच्या वस्तीत त्यांना देव म्हणत. उन्हाळाभर वैनगंगेत जाळी टाकायची आणि पावसाळा ओसरला की देव झाडावर चढवायचे, असं त्या माणसांचं वर्ष होतं. देव चढले की कोसे विणून होईपर्यंत घरधन्यानं रानातच राहायचं. तेल नाही, दाढी नाही, मासोळी नाही, पान-तंबाखू नाही, आणि बाईमाणसानं दगड ओलांडायचा नाही. एखादा देव मलूल होऊन लोंबायला लागला तरी त्याला हात लावायचा नाही. तो आपल्या मर्जीनं आला, आपल्या मर्जीनं जाईल. याला नेम म्हणत. ज्याला यश आलं त्यानं नेम पाळला, ज्याचं रान बसलं त्यानं किंवा त्याच्या शेजाऱ्यानं मोडला, यापलीकडं कुणी कधी गेलं नव्हतं.

मग नेमातल्या माणसाला चुना कशाला लागतो? स्वतः पान खात नाही, म्हणजे दुसरं कुणीतरी खातं. नाल्याच्या अंगानं येणारं, खाऊन त्याच वाटेनं जाणारं. गुणाबाईनं चालता चालता त्या दुसरीला लुगडं नेसवलं. नदीच्या घाटावर पोचेपर्यंत तिच्या नाकात चमकी आली होती आणि ओठ लाल झाले होते.

घाटावर आशाबाई कपडे आपटत होती. तिचा नवरा पोचू याचं रान मुखरूच्या रानाला लागूनच.

"तुमचं बेस हाये बाप्पा," आशाबाई मान वर न करता म्हणाली. "आमच्या झाडायचे देव लोंबून राह्यले. वास मारते म्हनतेत. अन तुमची झाडं भरली."

"तुले कसं ठाऊक?"

गुणाबाईच्या तोंडून ते जरा चटकन निघालं. आशाबाईनं धुणं थांबवलं.

"पोचूनं सांगतलं. मी काय रानात जातो काय?" ती म्हणाली. "कोनाचा तरी नेम मोडला वो. मोडला त्याचं भरून राह्यलं अन बाकीच्यायचं सुकून राह्यलं. उद्या रामाजीभाऊ रानोरान फिरनार हायेत."

रामाजी जातीचा म्होरक्या आणि नात्यानं गुणाबाईचा चुलत सासरा. पहिल्या निवडणुकीत कुणीतरी त्याच्या भिंतीवर काढलेली बैलजोडी अजून पुसली गेली नव्हती, आणि त्याचा शब्दही कधी पुसला जात नसे. दोन वर्षांमागं त्यानं भैयाजी नावाच्या एकाचा नेम मोडला असं ठरवलं होतं. भैयाजीची झाडं गेली, विहिरीवरचं पाणी गेलं. त्याची माय मेली तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळेना, आणि अखेर परगावचा एक गाडीवान वाटेत थांबला म्हणून ती उचलली गेली. गुणाबाईनं ते आपल्या दारातून पाहिलं होतं. दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं होतं.

त्या दिवशी तिला भात गेला नाही. बाई असेल तर असो, तिच्या झिंज्या उपटता येतील. पण ती रामाजीला सापडायच्या आधी आपल्याला सापडली पाहिजे, एवढं तिनं पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी शिदोरीची वेळ व्हायच्या आधीच ती निघाली. चुन्याचा खडा पळसाच्या पानात गुंडाळून तिनं ओच्यात खोवला होता. दगडापाशी पोचल्यावर तिनं हाळी दिली नाही. दगडावरच्या शेंदराला हात जोडले, डोळे मिटले आणि पाय उचलून पलीकडं टाकला. आभाळ कोसळलं नाही. वरती झाडांत पानं खाल्ल्याचा बारीक करकर आवाज येत होता तेवढाच.

खोपट रिकामं होतं. अंथरुणावर तिनं हात फिरवला, उशाचं फडकं हुंगलं, कोपऱ्यात पिंक शोधली. काही नाही. मग ती नाल्याकडं उतरली. करंजीच्या झुडपाआड एक मातीचा गाडगा होता, वर पळसाची पत्रावळ आणि पत्रावळीवर गोटा. बांगड्या असतील, फणी असेल, पानाचा डबा असेल, असं म्हणत तिनं गोटा काढला.

आत चुना होता, आणि चुन्यात देव होते. हिरवे, मऊ पडलेले, एकावर एक टाकलेले. काही अजून वळवळत होते.

गुणाबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाई सापडली असती तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

"गुणा."

मुखरू मागं उभा होता. त्याच्या ओंजळीत आणखी तीन देव होते, मेलेल्या पोराच्या बोटांसारखे लुळे.

"तुमी मारता त्यायले?" ती कशीबशी म्हणाली. "हातानं?"

मुखरू खाली बसला. ओंजळ गाडग्यात रिकामी केली आणि वरून चुना भुरभुरवला. हे करताना त्याचा हात जराही थांबला नाही, आणि तेच पाहून तिला जास्त भीती वाटली.

"मागच्या साली वादळात एक झाड मोडलं व्हतं पाय," तो म्हणाला. "सारे लोंबलेले देव त्याच झाडावर व्हते. झाड नाल्यात गेलं, वाहून गेलं. मी रडलो. पन त्या बाजूची सारी झाडं वाचली. अन ज्या बाजूले लोंबलेले तसेच ठेवले, तिकडं एक कोसा लागला नाई."

"मंग?"

"मंग काय. एक सडला का दुसरा सडते. काढून टाकला तं बाकीचे जगतेत."

"सांगतलं काऊन नाई कोनाले?"

"कोनाले सांगू? पोचूले? त्यानं कानाले हात लावून रामाजीकाकाचं घर गाठलं असतं." मुखरूनं तिच्याकडं पाहिलं. "तुले सांगतलं असतं तं तू माह्या हातात भात देला असता काय?"

तेवढ्यात पोचूच्या रानाच्या अंगानं खोकला ऐकू आला. रामाजीचा तो खोकला साऱ्या गावाच्या ओळखीचा होता.

मुखरूचा चेहरा चुन्यासारखा झाला. झुडुप विरळ होतं. गाडगा फोडावा तर देव पसरणार, नाल्यात सोडावा तर पाण्यावर तरंगत थेट पोचूच्या उतारावर जाणार. तो नुसताच हात चोळत उभा राहिला.

गुणाबाईनं ओच्यातला खडा काढून त्याच्या हातात कोंबला. गाडग्यावर पत्रावळ दाबली, पदराचं वेटोळं करून गाडगा डोक्यावर घेतला आणि नाल्याच्या पाण्यातून चालत सीमेच्या बाहेर पडली. वळसा घालून दगडापाशी आली तेव्हा रामाजी काठी टेकत तिथंच उभा होता. दाढी वाढलेली, अंगाला तेल नाही. त्याचाही नेम चालू होता.

"कोन? मुखरूची बायको?"

"व्हय मामाजी."

"शिदोरीची येळ नाई झाली अजून. इकडं काय करून राह्यली?"

"नाल्यावर आलती."

"डोक्यावर काय हाये?"

गाडग्यातून वास येऊ लागला होता. तो गुणाबाईलाही आला आणि रामाजीच्या नाकपुड्याही हलल्या. कुठल्याही धिवराच्या पोरीला जे सुचलं असतं तेच तिला सुचलं.

"मासोळी हाये मामाजी. पोट्टी तापानं फनफनली, तिले भात उतरत नाई. म्हनून नाल्यात हात घातला. मेलेल्याच सापडल्या." ती दोन पावलं पुढं आली. "पायता काय?"

"दूर, दूर!" रामाजी काठी आडवी धरून मागं सरला. नेमातल्या माणसानं मासोळी पाहायचीही नसते, वास तर नाहीच. त्यानं तोंड फिरवलं, नाकाशी धोतराचा सोगा लावला. "सीमेच्या इतक्या जवळून नेते काय अवदसे? घरी जाय!"

ती गेली. मान ताठ ठेवून, न धावता, आणि प्रत्येक पावलाला आपल्या टाळूवर काहीतरी वळवळतं आहे असं वाटत गेली. मागून रामाजीचा आवाज येत होता.

"मुखरू, झाडं भरली तुही. काय करतं बाप्पा तू?"

"नेम पाळतो काका."

"ऐका रे, पोचू, तुमी सारे ऐका!" रामाजी शेजारच्या रानाकडं तोंड करून ओरडला. "धंद्यात यश पायजे तं मानसानं असा नेम पाळावा!"

गुणाबाईनं दूर पळसाखाली खड्डा करून गाडगा पुरला. मग हात धुतले, पुन्हा धुतले. नखांतला चुना निघाला नाही.

त्या दिवसानंतर ती रोज शिदोरीबरोबर चुना नेऊ लागली आणि कशाला म्हणून विचारणं तिनं सोडलं. कोसे उतरले तेव्हा आरमोरीचा व्यापारी नूर मोहम्मद आपली बैलगाडी घेऊन स्वतः मुखरूच्या दारात आला. गाव बघत होतं. पोचूच्या झाडांवर मात्र मेलेल्या देवांच्या सुकलेल्या कातड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. तो बल्लारशाच्या कारखान्यात कामाला जाणार असं ठरलं. एकदा माणूस तिकडं गेला की त्याची झाडं दुसऱ्याला जायची.

"या खेपेस शेवटचं चढवून पायतो म्हनतेत," पुढचे देव चढवायच्या दिवसांत घाटावर आशाबाई म्हणाली. कापड पिळता पिळता तिचे हात थांबले. "गुणाबाई, खरं सांग वो. तुमी काय करता?"

भैयाजीच्या मायची तिरडी गुणाबाईला दिसली, आणि दार लावून घेणारा आपला हातही. सांगावं तर हिच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत रामाजीच्या ओसरीवर पोचणार. न सांगावं तर हिचं घर उठणार. तिला आशाबाईची फार दया आली, आणि त्याहून जास्त तिची भीती वाटली.

"नेम पाळतो," ती म्हणाली.

मग इकडंतिकडं पाहून तिनं ओच्यातली पळसाची पुडी काढली आणि आशाबाईच्या हातात ठेवली.

"पोचूभाऊले दे. रानात ठेवा म्हन. लोंबलेला देव दिसला का..."

घाटाच्या वरच्या पायरीवर कुणीतरी घागर टेकवली. गुणाबाईचं वाक्य तिथंच राहिलं.

आशाबाईनं पुडी उघडली. पांढऱ्या खड्याकडं पाहिलं, मग गुणाबाईच्या पांढऱ्या नखांकडं पाहिलं. नेमातल्या माणसाला चुना कशाला लागतो, हा प्रश्न तिच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. तिनं पुडी अंगापासून लांब धरली आणि पाण्यात सोडून दिली.

खडा काठच्या उथळ पाण्यात पडला आणि फसफसून उकळायला लागला. पांढरा फेस वर आला, वाफ निघाली.

"माय वो," आशाबाई पुटपुटली. तिनं झटकन पाय पाण्याबाहेर घेतले. ओले कपडे तसेच गोळा केले, गुणाबाईकडं पाठ न करता मागं मागं सरकली आणि पार दूरच्या दगडावर जाऊन धुऊ लागली.