खुर्चीवैद्याची कार्डं

रिसेप्शनिस्ट फोनवर बोलायला वळली, तशी बाईंनी मासिकांच्या ढिगाशेजारची कार्डांची चळत उचलली आणि पर्समध्ये टाकली. एका हाताने, मान न वळवता. मागच्या बाकावरच्या मुलीच्या मुठीतून चिठ्ठी काढून घ्यावी, तशी. समोर गाल धरून बसलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, पण दाढ ठणकत असलेल्या माणसाला जगाची काय पडलेली असते? बाईंनी पुढच्या महिन्यातली वेळ विचारली, ती सोयीची नाही असं सांगितलं आणि त्या जिना उतरल्या.

बाईंचे दात उत्तम होते. दोन महिन्यांत त्या दातांच्या डॉक्टरकडे सहाव्यांदा आल्या होत्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी पर्स किंचित उघडून पाहिलं. वीस-पंचवीस तरी असतील. पिवळ्या कार्डावर वेताची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर गळ्यात घालावा तसा स्टेथोस्कोप आणि वर तपकिरी अक्षरांत ‘खुर्चीवैद्य’. त्याखाली ‘निदान, उपचार, पुनर्जन्म’. मग फोन नंबर, आणि शेवटी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत वेबसाइटचा पत्ता. तो वाचायचा तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं असतं. नवऱ्याने तिथेही कार्डं ठेवली होती. तिथली बाईंनी मंगळवारी उचलली होती.

कार्डावर नाव नव्हतं, एवढंच नशीब. वैद्याला नाव कशाला, गुण यायला हवा, असं तो म्हणाला होता आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन दिवसभर ते घोळवत राहिला होता.

नवरा सत्तावीस वर्षं एका विमा कंपनीच्या शाखेत आवक-जावक विभागात होता. म्हणजे आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा. शाखा बंद झाली तेव्हा त्याच्या निवृत्तीला चार वर्षं होती. पहिले सहा महिने तो खिडकीत नुसता बसून राहिला. मग एक दिवस माळ्यावरून मोडकी खुर्ची काढली, वेत आणून पाण्यात भिजत घातला, आणि लहानपणी सुट्टीत मामाकडे शिकलेली वीण त्याच्या बोटांना हळूहळू आठवत गेली. इथवर बाईंचं काही म्हणणं नव्हतं. रिकामपणी कुणी कुंड्यांत खुरपतं, कुणी शब्दकोडी सोडवतं, हा खुर्च्या विणतो. चारचौघांत सांगता येण्यासारखा छंद होता तो.

छंदाचा धंदा करायचं खूळ लेकीने त्याच्या डोक्यात भरवलं. तिने दुसऱ्या शहरात बसून सुट्टीच्या दोन दिवसांत वेबसाइट उभी करून दिली. तिच्यावर तीन खुर्च्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. तिन्ही खुर्च्या घरच्याच. ‘ग्राहक म्हणतात’ या मथळ्याखाली एकच ग्राहक काहीतरी म्हणत होता आणि तो लेकीचा सासरा होता. आता ही वेबसाइट आहे हे लोकांना कळायचं कसं, म्हणून कार्डं. आधी कळस मग पाया हे बाईंनी ऐकलं होतं. इथे कळसाचीही जाहिरात निघाली होती आणि पायाचा पत्ता नव्हता.

कार्डं छापून आली आणि जन्मभर खाली मान घालून वावरलेला माणूस बोलका झाला. दोन्ही हातांनी, किंचित वाकून तो कार्ड पुढे करायचा. बसच्या कंडक्टरला दिलं. इमारतीच्या पहारेकऱ्याला दिलं, ज्याची बसायची खुर्ची प्लास्टिकची होती. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दिलं, तर त्यानेही खिशातून आपलं कार्ड काढलं, आणि दोघं एकमेकांची कार्डं वाचत मोरीत उभे राहिले. नळ गळतच होता.

हेही बाईंनी सोसलं असतं. पण त्यांच्या थोरल्या भावाच्या साठाव्या वाढदिवसाला मोठी मंडळी जेवायला होती, आणि तिथे एका निवृत्त न्यायाधीशांपुढे नवरा वाकला. न्यायाधीशांनी कार्ड घेतलं. वाचलं नाही. जेवण झाल्यावर गप्पा मारता मारता त्यांनी त्या कार्डाचा कोपरा दातांत घातला, आत अडकलेलं काहीतरी शांतपणे कोरून काढलं आणि कार्ड दुमडून ताटात टाकलं. बाईंनी ते पाहिलं. वहिनींनी पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं, ते जास्त लागलं. नवऱ्यानेही पाहिलं असावं, कारण घरी परतताना तो म्हणाला, कागद चांगला जाड निघाला.

लाज या माणसाला शिक्क्याच्या गादीइतकंही ओलं करत नाही, असं बाईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्या औषधाच्या दुकानात शिरल्या आणि काउंटरवरची सगळी कार्डं घेऊन बाहेर पडल्या.

तेव्हापासून त्यांची फेरी ठरून गेली. औषधाचं दुकान, वाचनालय, लाँड्री, दातांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर. या सगळ्या ठिकाणी त्यांच्या शाळेतल्या मुलींचे आईबाप यायचे. मुख्याध्यापिकेच्या घरचा माणूस असा फाटक्या मासिकांशेजारी पडलेला त्यांना चालणार नव्हता. केशकर्तनालयात शिरता येत नसे. तिथलं काम त्यांनी साबणाच्या फेसावर आणि कापलेल्या केसांवर सोपवलं होतं. गोळा केलेली कार्डं घरच्या केरात टाकायची सोय नव्हती, म्हणून शाळेतल्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे, रबर लावून गड्ड्या रचल्या होत्या. टाकाऊ गोष्टसुद्धा बाई व्यवस्थित ठेवत.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने वही उघडली. कुठे किती कार्डं ठेवली आणि किती उरली, हे तो तारखेनिशी लिहायचा. आवक-जावक सुटली तरी सवय सुटली नव्हती.

“दातांच्या डॉक्टरकडची परत संपली,” तो म्हणाला. “आठवड्यात दुसऱ्यांदा.”

बाई जेवत राहिल्या.

“फोन अजून नाही आला. पण लोक नेतायत. नेऊन ठेवत असतील. खुर्ची मोडली की आठवण होईल.”

“फुकटचं ते पौष्टिक,” बाई म्हणाल्या. “लोक काहीही नेतात.”

त्याने यावर विचार केला. बाईंच्या बोलण्यातला टोमणा त्याला कधी लागायचा नाही. तो त्यातून उपयोगाचं तेवढं वेचून घ्यायचा. मग तो म्हणाला की लोक टाकून देत असतील तर ते कार्ड दिसायला साधं आहे म्हणून. आणखी हजार छापायला सांगतो, या वेळी गोल कोपऱ्यांची. गोल कोपऱ्याचं कार्ड हाताला मऊ लागतं, माणूस सहसा फेकत नाही.

तेव्हा सांगून टाकता आलं असतं. बाईंनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा केला आणि उष्टी ताटं गोळा करायला लागल्या. हजार छापू दे, त्यांनी मनाशी म्हटलं. पैसे अक्कलखाती जमा होतील आणि एकदाचा थंड बसेल.

तो थंड बसला नाही. महिनाभरात गोल कोपऱ्यांच्याही तीन गड्ड्या कपाटात गेल्या.

शाळेच्या वाचनकक्षातल्या चाळीस खुर्च्या वेताच्या होत्या आणि निम्म्यांच्या बैठकी खचल्या होत्या. त्या विणून घ्यायच्या असं संस्थेने ठरवलं आणि कारागीर शोधायचं काम कारकुनाकडे आलं. हा कारकून चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या शाळेतून बदलून आला होता. चाळिशीचा, कामसू, जरा जास्तच बोलणारा. दुपारी तो बाईंच्या खोलीत आला आणि त्याने टेबलावर एक पिवळं कार्ड ठेवलं.

“बाई, हा माणूस कसा आहे?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. कार्ड कुठून मिळालं, त्यांनी विचारलं. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिका शोधायला कपाट उघडलं होतं, कारकून म्हणाला, तर मागे गड्ड्याच गड्ड्या. बाईंनी एवढी जमवलीत म्हणजे चौकशी झालेलीच असणार, असं त्याला वाटलं.

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग कारकुनाकडे. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही संशय नव्हता.

“कार्डं वाटत हिंडणाऱ्याच्या हातात कला नसते,” त्या म्हणाल्या. “दुसरा कुणीतरी बघा.”

बदली शिक्षिकेचा अर्ज नाकारताना लागायचा तसाच त्यांचा आवाज लागला. इतक्या सहज लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“मग बरंच झालं,” कारकून म्हणाला. “तसं तेच नको म्हणालेत.”

“कोण?”

“हेच. खुर्चीवैद्य. मी सकाळी फोन केला होता.”

बाईंनी त्याला बसा म्हटलं नव्हतं, तरी तो बसला आणि सगळं सांगू लागला. फोन उचलल्याबरोबर माणूस इतका खूश झाला की विचारू नका. खुर्च्या किती, वीण कुठली, पाय हलतात का, सगळं विचारून घेतलं. लिहून घेतोय हे पेनाच्या आवाजावरून कळत होतं. दुपारीच येतो म्हणाला. मग त्याने शाळा कुठली ते विचारलं, आणि कार्ड कुठे मिळालं तेही.

“मी म्हटलं, आमच्या बाईंच्या कपाटात तुमची पाच-सहाशे कार्डं आहेत, रबर लावून ठेवलेली. तुमच्यावर फार विश्वास दिसतोय त्यांचा. गमतीत म्हटलं हो. तर पलीकडे आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी विचारलं, कोपरे गोल आहेत की चौकोनी.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“गड्ड्या पुन्हा बघितल्या आणि सांगितलं, दोन्ही आहेत.”

बाहेर तासाची घंटा झाली. जिन्यावर मुलींचे पाय वाजले आणि ओसरले. कारकुनाने खिशातून एक चिठोरं काढून कार्डाशेजारी ठेवलं. चाळीस खुर्च्या आपल्याच्याने व्हायच्या नाहीत, असं त्या माणसाने सांगितलं होतं. दुसऱ्या एका कारागिराचा नंबर दिला होता. वेत नीट भिजलाय की नाही हे कसं ओळखायचं, कडेची पट्टी कुणी वरवर चिकटवून फसवत असेल तर कुठे नख लावून बघायचं, हेही बैजवार सांगितलं होतं.

“आणि म्हणाले, बाईंना विचारत बसू नका, त्यांच्यामागे आधीच खूप व्याप असतात. भले गृहस्थ वाटले. तुमच्या ओळखीचे आहेत का?”

बाईंनी कार्ड पालथं केलं. मागची बाजू कोरी होती.

“या दुसऱ्या नंबरावर फोन लावा,” त्या म्हणाल्या. “आणि जाताना दार लोटून घ्या.”

त्या दिवशी त्या वाटेत कुठेही थांबल्या नाहीत. घरी पोचल्या तेव्हा नवरा खिडकीपाशी पाटावर बसून विणत होता. पुढ्यात घरचीच खुर्ची होती, जेवणाच्या टेबलाची. गेल्या वर्षी विणलेली तिची बैठक चांगली धडधाकट होती. ती कापून काढून तो पुन्हा पहिल्यापासून विणत होता. बादलीत वेताच्या ओल्या पट्ट्या, शेजारी खुंट्यांचा डबा. वही कुठे दिसली नाही.

बाई पर्स हातात घेऊन त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. तीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक गुन्ह्यासाठी त्यांच्यापाशी एक वाक्य तयार असायचं. रस्त्याने येताना त्याच्यासाठीही दोन-तीन वाक्यं त्यांनी जुळवली होती, आणि त्याने आधी तोंड उघडावं म्हणून त्या थांबल्या. त्याने पट्टी भोकातून ओढून घेतली, ताणली, खुंटी ठोकली. पुढचं भोक घेतलं. रागाचं एखादं चिन्ह शोधत बाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. हात रोजच्यासारखेच चालले होते, एक पट्टी वरून, एक खालून, मोजून ताणलेली. इतकी सुबक वीण त्यांनी याआधी इतक्या जवळून पाहिली नव्हती.

“आज फोन आला का कुणाचा?” त्यांनी विचारलं.

कार्डं छापल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “आज कुणाचाच नाही.”

त्याने आणखी एक पट्टी बादलीतून काढली, दोन बोटांत धरून तिचं पाणी निपटलं. मग मान वर न करता म्हणाला,

“जरा बाजूला हो. उजेड अडतोय.”

बाई बाजूला झाल्या.