एल्डनची भरली टाकी

"विझव आधी ती सिगरेट!" मी क्लेटनवर खेकसलो. "न्हाईतर उद्या दोघांना एकाच गाडीतनं न्यावं लागंल."

पिकअपखाली उताणा पडलेल्या क्लेटननं सिगरेट चिखलात चिरडली. "ओरडतोस काय वेन, एल्डन जागा होईल की!"

एल्डन काही जागा होणार नव्हता. मंगळवारीच गेला बिचारा. दवाखान्यात शेवटपर्यंत एकच घोकत होता, त्या मयत न्यायच्या लांबड्या काळ्या गाडीत मी मेलो तरी बसणार न्हाई, मला माझ्या पिकअपमधनं न्या. त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, हात धरून शब्द दिला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं फारसं काही ऐकलं नव्हतं. आता एकदा ऐकायचं म्हटलं, तर ही मेली टाकी गळायला लागली.

आमच्या डाकोटात माणूस गेला की शेजारी न सांगता कामं वाटून घेतात. कुणी त्याचं राहिलेलं सूर्यफूल काढलं, कुणी गुरांना चारा टाकला. मी पिकअप धुतली आणि मयताचा मान म्हणून टाकी काठोकाठ भरून आणली. शुक्रवारी सकाळी बघतो तर खाली टपटप चाललेली. पाद्री लिंडक्विस्टबाई नाकाला रुमाल लावून सांगून गेल्या, "एक थेंब जरी पडला तर पेटी काळ्या गाडीतनंच येईल. चर्चच्या दारात मला भडका नकोय."

वारं असं बोचरं की पान्याला हात चिकटत होता.

"बुडाला भोक पडलंय, दुसरं काय!" क्लेटन म्हणाला. "आर्डिस, साबणाची वडी आण."

गळती टाकी म्हटली की आमच्याकडं आधी साबण. क्लेटननं वडी घासून घासून बूड पांढरं केलं. पाच मिनिटं टपटप थांबली. मग वीतभर बाजूनं सुरू झाली.

"आंघोळ झाली," आर्डिस म्हणाली, "आता पावडर पण लाव. वेन, पेट्रोल किती भरलंस तू?"

"काठोकाठ."

"अरे देवा! अर्ध्याच्या वर त्यानं जन्मात भरलं न्हाई. म्हणायचा, भरल्या टाकीचं वजन होतं, वजनानं पेट्रोल जास्त जातं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. नळी लावून निम्मं पेट्रोल डब्यात काढलं, साबण पुसला आणि वाट बघितली. थेंब नाही. म्हणजे बूड धडधाकट होतं. वरच कुठंतरी फुटलं होतं आणि टाकीच्या अंगावरनं ओघळून खाली येत होतं.

"झालं तर मग! अर्ध्यावर न्या," क्लेटन उठायला लागला.

"पड खाली!" आर्डिस कडाडली. "दफनभूमी टेकाडावर हाय. चढाला हिंदकळून वर आलं म्हंजे? आणि जन्मभर अर्ध्या टाकीवर फिरला रं तो. शेवटच्या फेरीला तरी भरल्या टाकीनं जाऊ दे."

क्लेटन परत खाली सरकला.

टाकीचे पट्टे गंजून चिकटलेले, टाकी खाली उतरेना, म्हणून वरचा हौदाच उचलायचा ठरला. बोल्ट सोडले, मागच्या दिव्यांच्या तारा काढल्या, पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू काढले, साखळ्या बांधल्या. ट्रॅक्टर आर्डिसनं स्वतः चालवला. हौदा उचलला तसं टाकीवर उंदराचं घरटं दिसलं. त्याखाली, त्या तोंडापासून टाकीत येणारी रबरी नळी आवळपट्टीजवळ गोल चिरलेली.

दुकानदार फोनवर म्हणाला, नवी नळी सोमवारी येईल. मी फोन ठेवला. मी आणि आर्डिस, दोघंही क्लेटनच्या पिकअपकडं बघायला लागलो. एकाच सालची, एकाच जातीची.

"तिकडं काय बघताय? मी उद्या काय चालत येऊ?"

"एल्डनशेजारी मागं जागा हाय," आर्डिस म्हणाली.

शिव्या घालत क्लेटननं आपली नळी स्वतःच्या हातानं काढून दिली. बसवली, पट्ट्या आवळल्या, हौदा जागेवर ठेवला, टाकी पुन्हा काठोकाठ भरली. कोरडी ठणठणीत! पण साबणानंही पाच मिनिटं फसवलंच होतं, त्यामुळं कुणी हसलं नाही.

शनिवारी टेकाड चढून एल्डन वर आला. पाद्रीबाईंनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. इतकं भाविक गाव बाईंनी कधी पाहिलं नसणार. आम्ही सगळे पिकअपखाली बघत होतो.

आमेन झालं तरी एक मान वर येईना. मग काळ्या कोटातली आर्डिस पुढं गेली, खडीवर गुडघे टेकले, टाकीच्या बुडावरनं हात फिरवला आणि बोटं नाकाशी धरली.

"कोरडी हाय," ती म्हणाली, आणि मंगळवारपासून पहिल्यांदाच हुंदके देऊन रडली. "उतरवा आता त्याला."