तांबडे पाय

बेडूक उलटा धरून भानुदासने त्याच्या मांडीवर कापसाची काडी फिरवली. आतली कातडी लालबुंद झाली होती. बेडकाने सुटायची धडपडही केली नाही.

"काल हा उड्या मारीत होता, सर," गुलजार म्हणाला. "आज बगा."

ओमानमधल्या खाबुऱ्यात, खजुराच्या बागेमागे, पत्र्याच्या शेडमध्ये ही बेडकांची शेती चाले. माल बर्फात घालून पूर्वेकडच्या देशांत जाई. गुलजार हर्णैचा. पहिल्या दिवसापासून टाक्या तोच सांभाळत होता. बेडूक खाणं त्याला हराम, पण त्यांच्यावर त्याचा जीव जडला होता. भानुदास मस्कतच्या एका खासगी लॅबमध्ये जंतुतज्ज्ञ होता. तिथल्या अल् घुब्रा भागातून गाडी चालवत तो नमुने न्यायला येई.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारं झालं, पाणी गार ठेवणारं यंत्र बिघडलं, आणि मालक महमूदने त्याच टाक्यांत दुप्पट बेडूक कोंबले. ते मरायला लागल्यावर त्याने खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला लावलं.

"अर्बाब, यांच्या कातडीवर चांगले जंतूही असतात," भानुदासने तेव्हा मालकाला सांगितलं होतं. "ते आहेत म्हणून वाईट जंतूंना जागा मिळत नाही. खारं पाणी, उष्मा, गर्दी, यांनी ते आधीच कमी झालेत. औषधाने उरलेले जातील, आणि मागे राहतील ते कशालाच न जुमानणारे."

"होईल ठीक, इन्शाल्ला," महमूद म्हणाला होता.

ठीक झालं नाही. टाकी घासताना गुलजारच्या करंगळीला पत्रा लागला. बोट सुजलं, काळं पडलं. एकही औषध लागू पडेना. शेवटी डॉक्टरांनी ती करंगळी कापली. तिच्यातला जंतू आणि बेडकांच्या मांडीवरचा जंतू एकच होता, हे भानुदासनेच तपासून सांगितलं.

आता त्याने महमूदला फोन लावला. सगळे मारून पुरण्याशिवाय इलाज नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. महमूद म्हणाला, "खलास. गुलजारला सांग, आजच उरक. जमत नसेल तर त्याने कायमचं घरी जावं."

भानुदासने निरोप सांगितला.

"बेडूक मारायचा नाय म्हनून पैगंबरांच्या हदीसमदे हाय, सर. मी कसा मारू?"

"तुम्ही बाहेर बसा, गुलजारभाई. मी करतो."

"तुमच्यात चालतो?"

"नाही चालत. रोज सकाळी पंचशिलात तेच म्हणतो, प्राणिहिंसा करणार नाही म्हणून."

गुलजार बाहेर जाऊन खजुराखाली बसला. भानुदासने गुंगी आणणारं लवंगेचं तेल थोड्या स्पिरिटमध्ये मिसळून पहिल्या टाकीत ओतलं. बेडूक आधी पाय झाडत राहिले, मग एकमेकांवर ढिले पडले. एकेकाच्या छातीला बोट लावून ठोका थांबल्याची तो खात्री करत होता. काहींचा लवकर थांबत नव्हता. शेवटच्या टाकीतले तर अजून धडधाकट होते. तो जवळ जाताच, खाणं आलं असं समजून ते काठाशी गोळा झाले. भानुदासने तेल ओतलं.

मेलेल्या बेडकांची पहिली पाटी घेऊन तो बाहेर आला तेव्हा गुलजार फावड्याने खड्डा खणत होता. जखमेवर प्लास्टिकची पिशवी बांधून त्याने हातमोजे चढवले होते.

"हाताला जपा, गुलजारभाई. मी आहे ना."

"मारायचा नाय म्हनलाय, सर. पुरायचा नाय असा कोनी म्हनला नाय."

खड्डा झाल्यावर भानुदास पाटी उलटी करायला वाकला. गुलजारने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली. मग गुडघे टेकून, एकेक बेडूक दोन्ही हातांनी उचलून, त्याचे पाय जवळ घेऊन तो खड्ड्यात ठेवू लागला.

पुढची पाटी आणायला भानुदास आत गेला.