तळटिपेची अक्षरं

सकाळी त्याने खिडकी उघडली, एका कपापुरता चहा केला आणि कप टेबलावर छपाईहून आलेल्या नव्या कादंबरीशेजारी ठेवला. इंग्रजी पुस्तकांची पानं मांडणं हा त्याचा व्यवसाय. कादंबऱ्या तो एकाच जुन्या सेरिफ टाइपात लावी. उभ्या दांड्या भरदार, त्यांना जोडणाऱ्या रेषा केसासारख्या बारीक, आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी एक नाजूक पाय. त्या पायांच्या आधाराने डोळा ओळीवरून न अडखळता सरकतो, असं तो मानी.

पहिली प्रत दूरगावी राहणाऱ्या ताईला जाई. मग रविवारी तिचा फोन येई आणि ती त्याच्या चुकांचा पाढा वाची. कामाखेरीज त्याच्याशी बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

या रविवारी मात्र ती म्हणाली, "फार सुंदर झालंय रे पुस्तक."

तो दचकला. "ताई, तू आणि कौतुक? बरी आहेस ना?"

"म्हणजे शिव्याच हव्यात का तुला?"

"शेवट कसा वाटला?"

"माझी परीक्षा घेतोस, धाकट्या?" ती हसली. मग म्हणाली, "अरे, दांड्या तेवढ्या दिसतात. बारीक रेषा कुठे जातात कोण जाणे. ओळ म्हणजे नुसतं कुंपण. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहायचं."

"बिनपायाच्या, ठळक अक्षरांत लावून देतो."

"दुकानाच्या पाटीसारख्या? कादंबरी वाचायचीय मला, पत्ता नाही शोधायचा. राहू दे. पुष्कळ वाचलं."

तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी कशावर बोलायचं, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. चहा निवून गेला होता.

त्याने कादंबरी उघडली. एका पानाच्या तळाशी तळटीप होती. तळटिपांसाठी त्या टाइपाचा निराळा घाट असे: अक्षर रुंद, रेषा मुद्दाम जाड, पाय ठसठशीत, कारण इवल्या आकारात नाजूकपणा तग धरत नाही. हा घाट मोठा करून वापरणं त्याच्या लेखी गावंढळपणा होता. त्याने त्याच घाटात पहिलं पान लावलं आणि अक्षरं तिप्पट मोठी केली. जणू सगळ्या अक्षरांनी बूट चढवले होते. पण एकही रेषा हरवत नव्हती, आणि पान कादंबरीचंच वाटत होतं.

पुढचे काही आठवडे त्याने अख्खी कादंबरी तशी लावली आणि तिची एकच प्रत छापून, बांधून घेतली. छपाईला देण्यापूर्वी, अगदी शेवटाकडे, त्याने लागोपाठच्या दोन पानांना एकच पृष्ठांक दिला. ही एक चूक त्याने तशीच ठेवली.

प्रत आली तेव्हा ती कागदात गुंडाळून, चिठ्ठी न घालता, तो टपाल कार्यालयाकडे चालू लागला.